शाळेच्या कपाटात दडलंय काय?

बेडसे लेण्यात एका शिष्याने दोन हजार वर्षांपूर्वी गुरूंची आठवण दगडात कोरून ठेवली. साताऱ्याच्या एका शाळेने नऊ वर्षांच्या मुलाची सही सव्वाशे वर्षं जपली. आणि तुमच्या शाळेतलं ते कोपऱ्यातलं गंजलेलं कपाट? त्याची चावी शेवटची कुणी आणि कधी फिरवली होती?

पाऊस सुरू झाला की सगळ्या गाड्या मावळाकडे वळतात. कार्ल्याला गर्दी, भाजे लेण्यांपाशी गर्दी, लोहगडाच्या पायऱ्यांवर रांग, पवनेच्या काठावर तंबू. या गोंधळातून बेडसे लेणी बऱ्यापैकी सुटली आहेत. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागायचं, बेडसे गावात गाडी लावायची आणि चारेकशे पायऱ्या चढायच्या. लेण्यांचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी लवकर पोचलात तर उन्हं थेट आत आलेली दिसतात. दोन्ही बाजूंना कातळ आणि मधून अरुंद वाट. ती संपली की समोर एकदम उंचच उंच खांब येतात. त्यांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांच्यावर बसलेली माणसं. फोटो तर होणारच!

पण फोटो झाले की पाच मिनिटं थांबा. या लेण्यांत फार लेख नाहीत, पण जे आहेत ते मजेशीर आहेत. ब्राह्मी लिपीतले, प्राकृत भाषेतले. एक लेख नाशिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीच्या मुलाचा आहे, पुष्यणक त्याचं नाव. त्याने लेण्यासाठी दान दिलं. एक लेख पाण्याच्या टाक्यापाशी आहे, तो महाभोजांच्या घराण्यातल्या सामडिनिका नावाच्या महारठिनीचा. म्हणजे एक व्यापाऱ्याचा मुलगा झाला आणि एक मोठ्या घरची बाई झाली. तिसरा लेख मात्र आपल्या कामाचा आहे. तो एका छोट्या स्तूपाचा आहे. रानात राहणाऱ्या, भिक्षेवर जगणाऱ्या गोभूती नावाच्या भिक्खूंचा हा स्तूप त्यांच्या शिष्याने करवून घेतला, असं त्यात म्हटलंय. शिष्यासाठी त्यात शब्द आहे 'अंतेवासी', म्हणजे गुरूजवळ राहणारा. शिष्याचं नाव असाळमित.

गोभूतींनी काय शिकवलं ते आपल्याला ठाऊक नाही. त्यांचा चेहरा ठाऊक नाही. पण असा एक शिक्षक या डोंगरात होऊन गेला, एवढं नक्की ठाऊक आहे. का? तर त्यांच्या विद्यार्थ्याला वाटलं की हे नाव राहायला हवं. शिक्षकाची आठवण विद्यार्थ्याने जपल्याचं याच्याइतकं जुनं उदाहरण आपल्या तालुक्यात दुसरं क्वचितच सापडेल.

साहेब येणार, चुना लावा!

आता याच लेण्यांची दुसरी गोष्ट ऐका. ही जरा कडू आहे. बेडशाच्या भिंतींवर एके काळी गिलावा होता आणि त्यावर चित्रं होती. इंग्रजांच्या काळात साहेबलोक वरचेवर लेणी बघायला यायचे. साहेबांना सगळं कसं स्वच्छ, टापटीप दिसलं पाहिजे, म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी लेण्यांची डागडुजी आणि रंगरंगोटी करून घेतली. १८६१ च्या सुमारापर्यंत हे चालू होतं. या टापटिपीत जुन्या चित्रांचे उरलेसुरले अवशेष गेले.

जरा विचार करा. शतकानुशतकांचा पाऊस आणि दमट हवा सोसून जे टिकलं होतं, ते पाहुणे येणार म्हणून केलेल्या साफसफाईत गेलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. उलट आपण चांगलं काम करतोय असंच प्रत्येकाला वाटलं असणार.

ओळखीचं वाटतंय ना? तुमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव आठवा. किंवा तपासणीच्या आदल्या आठवड्यातली ती धावपळ. भिंतींना नवा रंग, पताका, रांगोळ्या. आणि 'तेवढं ते कपाट रिकामं करा' अशी आज्ञा. मग कपाटातली वाळवी लागलेली बाडं, तुटक्या काचेच्या फ्रेमा, कोपरे दुमडलेले नकाशे बाहेर येतात. टेम्पो येतो. रद्दीवाला काटा लावतो. किलोवर हिशेब होतो आणि शाळा एकदम मोकळी मोकळी दिसायला लागते.

त्या किलोंमध्ये काय गेलं, हे कुणी बघितलेलं नसतं. काय जाऊ शकलं असतं ते समजून घ्यायचं असेल तर मावळातून जरा साताऱ्याला जाऊ या.

नोंद क्रमांक १९१४

साताऱ्यात राजवाडा परिसरात प्रतापसिंह हायस्कूल आहे. एके काळी ही सरकारी शाळा होती. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी इथे पहिलीत एका मुलाने नाव घातलं. वय वर्षं ९. घरचे त्याला भिवा म्हणायचे. वडील लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे त्याची सही आहे. (हा क्रमांक आहे हं, साल नव्हे!) पुढे या मुलाला जगाने डॉ. भीमराव रामजी आंबेडकर म्हणून ओळखलं.

१९०४ पर्यंत बाबासाहेब साताऱ्यात शिकले. शाळेने ते रजिस्टर जपून ठेवलंय. २०१७ मध्ये राज्य सरकारने या शाळाप्रवेशाचा दिवस, ७ नोव्हेंबर, 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळायचा निर्णय घेतला. म्हणजे आज महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये जो दिवस साजरा होतो, त्याचा थेट पुरावा म्हणजे एका शाळेच्या कपाटात राहिलेली एक ओळ आहे. तारीख, क्रमांक, सही. बस.

आता कल्पना करा, १९२० किंवा १९३० साली साताऱ्याच्या कुणा कारकुनाने 'जुनी रजिस्टरं फार झाली' म्हणून ती निकालात काढली असती तर? १९०० साली नोंद करणाऱ्या माणसाला यातलं काहीच माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याच्यासाठी १९१३ नंतर १९१४ आणि १९१४ नंतर १९१५. त्याने सगळ्याच ओळी सारख्या निगुतीने लिहिल्या आणि पुढच्यांनी सगळंच रजिस्टर ठेवलं, म्हणून ती एक ओळ मिळाली. थोर माणसांच्या तेवढ्या नोंदी ठेवू, बाकीच्या टाकू, असं करता येत नाही. कारण कोण थोर होणार आहे, ते नाव नोंदवताना कळत नसतं.

रजिस्टर जे सांगत नाही

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. रजिस्टर फक्त एवढंच सांगतं की मुलगा शाळेत आला. आत गेल्यावर काय झालं, ते त्यात नाही.

ते बाबासाहेबांनी स्वतः पुढे लिहिलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्याशा आत्मकथनात साताऱ्याच्या दिवसांच्या आठवणी आहेत. वर्गात इतर मुलांमध्ये बसायची मुभा नव्हती. कोपऱ्यात वेगळं, स्वतःच्या गोणपाटावर बसायचं. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावणार नाही, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावायचा नाही. शिपाई असेल तर तो नळ सोडणार. शिपाई नसेल तर तहान तशीच.

आता या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. शाळेत नाव नोंदवलं गेलं, ते रजिस्टर शाळेत राहिलं. ज्यावर तो मुलगा बसला ते गोणपाट मात्र रोज घरी जात होतं. शाळेने ते कधी ठेवूनच घेतलं नाही, मग ते संग्रहात येणार कुठून? कुठल्याही शाळेचा जुना संग्रह बघताना हे डोक्यात असू द्या. जे ठेवलंय ते बघायचंच, पण काय ठेवलं गेलं नाही आणि का, हेही विचारायचं. वर्गाच्या जुन्या ग्रुप फोटोत मुली किती आहेत? शिपाईमामा फोटोत आहेत का? पारितोषिकांच्या फळ्यावर कोणत्या वस्तीतली नावं एकदाही दिसत नाहीत? कपाटातल्या वस्तूंइतकीच ही प्रश्नांची यादीही महत्त्वाची आहे.

एका मुलीचा निबंध

पुण्यातलं उदाहरण घ्या. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, हे आपल्याला पाठ आहे. तो मोडकळीला आलेला वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला, तिथे राष्ट्रीय स्मारक उभारायचं ठरलं आहे. पण फुल्यांच्या शाळांमध्ये शिकणाऱ्या मुलींना काय वाटत होतं, ते वाड्याच्या लाकडांनी आपल्याला सांगितलं नसतं. ते सांगितलं मुक्ता साळवे हिने.

मुक्ता फुल्यांच्या शाळेत शिकणारी, साधारण चौदा वर्षांची, मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. तुमच्याहून लहान मुलीने लिहिलेला हा शाळकरी निबंध आज विद्यापीठांत अभ्यासला जातो. तो छापला गेला म्हणून वाचला. वहीतच राहिला असता तर? आणि तिच्या बरोबरीच्या मुलींनी लिहिलेल्या वह्या कुठे गेल्या?

शाळेची हस्तलिखितं, भित्तिपत्रकं, वार्षिक अंक यांच्याकडे आता जरा वेगळ्या नजरेने बघाल ना? आपल्याकडे शाळांमध्ये हस्तलिखित काढायची मोठी परंपरा आहे. सुवाच्य अक्षर असलेल्या मुलामुलींना बसवून, शाईने, समासात वेलबुट्टी काढून केलेले हे अंक एकेकच प्रतीचे असतात. गेला की गेला.

मावळातली बंद पाडलेली शाळा

परत आपल्या तालुक्यात येऊ. प्राध्यापक विष्णू गोविंद विजापूरकरांनी १९०६ मध्ये कोल्हापूरला समर्थ विद्यालय काढलं. राष्ट्रीय शिक्षण द्यायचं, मुलांना हाताने काम शिकवायचं, सरकारी मदतीवर विसंबायचं नाही, असा तो काळ होता. पुढे ही शाळा तळेगाव दाभाड्याला आली. १९१० मध्ये इंग्रज सरकारने ती बंद पाडली. त्याच तळेगावात १९०८ मध्ये पैसा फंडातून काच कारखाना उभा राहिला होता. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा करायचा, अशी ती कल्पना. नंतर 'नवीन समर्थ विद्यालय' या नावाने शाळा पुन्हा उभी राहिली.

म्हणजे लोणावळ्याला जाताना लोकलच्या खिडकीतून आपण जे तळेगाव मागे टाकतो, तिथली एक शाळा सरकारला इतकी खुपली की तिला टाळं लावावं लागलं. अशा शाळेतला प्रत्येक हजेरीपट, प्रत्येक वही, वर्गात वापरलेलं प्रत्येक हत्यार हा इतिहासाचा ऐवज असतो. कोणत्या गावांतून पोरं आली होती? शाळा बंद झाल्यावर ती कुठे गेली? असे प्रश्न पुस्तकांतून पुरते सुटत नाहीत. ते सुटतात घराघरांतल्या ट्रंकांमधून आणि शाळाशाळांच्या कपाटांतून. वि. का. राजवाडे हेच करत वणवण फिरले. लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं त्यांनी गोळा केली, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं खंडामागून खंड छापली गेली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, ते त्याच ध्यासातून.

आणि हे तुमच्या अॅडमिशनशी संबंधित आहे!

'इतिहास वगैरे ठीक आहे, पण मला काय त्याचं?' असं कुणी म्हणत असेल तर त्याने बारावीनंतरचा जून-जुलै आठवावा. इंजिनीअरिंगला, मेडिकलला राखीव जागेतून प्रवेश घ्यायचा तर जात पडताळणी लागते. आणि पडताळणी समिती काय मागते? आजोबा-पणजोबांचा पुरावा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीची कागदपत्रं महत्त्वाची धरली जातात.

हा पुरावा बहुतेक वेळा कुठे मिळतो? गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. काही जण त्याला दाखल-खारीज म्हणतात, काही प्रवेश-निर्गम रजिस्टर. ज्यांच्या घरी सातबारा आहे, त्यांच्याकडे निदान दुसरे कागद तरी असतात. पण भूमिहीन कुटुंबाचं काय? आपल्याच मावळातल्या एखाद्या कातकरी वस्तीवरच्या मुलीचं काय? तिच्या आजोबांनी दुसरीपर्यंत शाळा केली असेल, तर त्या रजिस्टरमधली एक ओळ हा त्या घराचा सरकारदरबारी असलेला सगळ्यात जुना कागद असू शकतो. ते पान वाळवीने खाल्लं, तर त्या मुलीचं काय होणार?

२०२३ मध्ये सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा हे अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. महसुलाची दप्तरं, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि त्यांच्याबरोबर शाळांची जुनी रजिस्टरं बाहेर निघाली. बऱ्याच नोंदी मोडीत. मग मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध! आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, त्या दिवसांत एक गोष्ट सगळ्यांना कळली. ज्या कपाटाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्यातल्या पानांवर लाखो घरांचं पुढचं ठरत होतं.

एका ओळीत किती गोष्टी

जनरल रजिस्टर कधी उघडून बघितलंय? मुलाचं पूर्ण नाव, धर्म आणि जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचं कारण, शेरा. जुन्या नोंदींत आईचं नाव सहसा नसतं, हेही बघून ठेवा.

यातला 'कारण' हा रकाना वाचत बसा. एखाद्या वर्षी एकाच गावातली मुलं एकदम का गळाली? साथ होती का? दुष्काळ होता का? की गावच हललं? पवना धरणाने आपल्या तालुक्यातली गावं विस्थापित केली. पाण्याखाली गेलेल्या गावाचं नाव 'आधीची शाळा' किंवा 'जन्मस्थळ' या रकान्यात शाबूत असू शकतं. हजेरीपट तर आणखी बोलका. भात लावणीच्या दिवसांत कोण गैरहजर, हे बघितलं की घरातली कामं कोणत्या वयात कुणाच्या गळ्यात पडत होती ते कळतं. इंग्लंडमध्ये १८६० च्या दशकापासून मुख्याध्यापकांना शाळेची रोजनिशी ठेवणं भाग होतं. पिकं काढायच्या दिवसांत ओस पडलेले वर्ग आणि गोवराच्या साथी यांचा इतिहास तिकडच्या संशोधकांनी त्या रोजनिशांमधून लिहिलाय. आपल्याकडे शेरेबुकं आहेत, तपासणी अहवाल आहेत, हजेरीपट आहेत. वाचणारे कमी आहेत.

आणि थोर माणसं शाळेत कशी होती, हेही इथेच कळतं. राजकोटच्या आल्फ्रेड हायस्कूलचा एक विद्यार्थी १८८७ मध्ये जेमतेम ४० टक्के गुणांनी मॅट्रिक झाला. नाव मोहनदास करमचंद गांधी. निकालाच्या दिवशी घरी सांगायला उपयोगी पडेल, लक्षात ठेवा!

कागदांपलीकडेही कपाटात बरंच काही असतं. पितळी घंटा. दौत आणि टाक. संयुक्त महाराष्ट्राच्या आधीचा, गुजरातसकट मुंबई राज्य दाखवणारा भिंतीवरचा नकाशा. मूलोद्योगाच्या तासाच्या टकळ्या आणि चरखे, गांधीजींच्या 'नई तालीम'च्या काळातले. माजी मुख्याध्यापकांचे फोटो, ज्यांच्यातल्या निम्म्यांची नावं आता फक्त गावातल्या एखाद-दुसऱ्या आजींना आठवतात.

मग करायचं काय?

एका सुट्टीचं काम आहे. सात-आठ जणांचा ग्रुप पुरे. माजी विद्यार्थी म्हणून तुमचा शाळेवर हक्क आहेच, फक्त रीतीने जा.

*आधी परवानगी.* मुख्याध्यापकांना भेटा, शाळा व्यवस्थापन समितीला कळवा, लेखी अर्ज द्या. जनरल रजिस्टर हे शाळेने कायम जपायचं दप्तर आहे, त्यामुळे ते शाळेबाहेर न्यायचं नाही. एक शिक्षक कायम सोबत असू द्या.

*आधी यादी, मग साफसफाई.* प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. काय आहे, अंदाजे कधीचं, कोणत्या अवस्थेत, हे एका वहीत लिहा. वस्तूंवर पेनाने काही लिहायचं नाही. लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला, हलक्या हाताने.

*सेलोटेप आणि लॅमिनेशन नको.* फाटलेलं पान चिकटवायची घाई करू नका. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि कागदही खाते. लॅमिनेशनने पान कायमचं प्लास्टिकमध्ये अडकतं, परत काढता येत नाही. फार जीर्ण असेल तर हात न लावता जाणकारांना दाखवा.

*कडक उन्हात वाळत घालू नका.* शाई उडते, कागद ठिसूळ होतो. सावलीत, वारा खेळेल असं ठेवा. धूळ मऊ ब्रशने झटका. हात स्वच्छ आणि कोरडे हवेत. पानं उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय घरी ठेवून या.

*मोबाइल कामाला लावा.* खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, अख्खं पान कडांसकट येईल असा फोटो घ्या. फाइलला रजिस्टरचा आणि पानाचा क्रमांक द्या. दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधल्या घराघरांत पाणी शिरलं, ती गोष्ट आजी-आजोबांना विचारा. एकच प्रत असली की काय होतं, ते त्यांच्याकडून कळेल.

*फोटो सोशल मीडियावर टाकायचे नाहीत.* हे सगळ्यात महत्त्वाचं. रजिस्टरमध्ये जात आहे, जन्मतारीख आहे, कुणाची तरी वर्तणूक 'असमाधानकारक' लिहिलेली आहे. ती माणसं किंवा त्यांची मुलं गावातच राहतात. तुम्हाला गंमत वाटेल ती ओळ कुणाची तरी जखम असू शकते. स्टोरी टाकायचीच असेल तर घंटेची टाका, नकाशाची टाका.

*परत ठेवताना.* दप्तरखान्यात जुन्या कागदांचे गठ्ठे कापडात बांधतात, त्या कापडाला 'रुमाल' म्हणतात. खळ काढलेलं, धुतलेलं सुती कापड घ्या आणि तुमच्या शाळेचे रुमाल बांधा. वर चिठ्ठी लावा. कपाट भिंतीपासून वीतभर लांब, विटांवर उचलून ठेवा. मावळच्या पावसात भिंतीची ओल कपाटात उतरायला एक पावसाळा पुरतो.

*शेवटी माणसं.* जुन्या ग्रुप फोटोची प्रत घेऊन गावातल्या सगळ्यात वयस्कर माजी विद्यार्थ्यांकडे जा. प्रत्येक चेहऱ्याचं नाव विचारा, बोलणं रेकॉर्ड करा. नावं वर्षभराने विचारू म्हणालात तर सांगणारं माणूस असेलच असं नाही.

यातल्या कुठल्याच गोष्टीला फार पैसे लागत नाहीत. सुती कापड, ब्रश, वही-पेन्सिल, मोबाइल आणि दोन-तीन रविवार. मोडी शिकायची इच्छा झाली तर फारच छान, त्याचे वर्ग पुण्यात नियमित भरतात.

७ नोव्हेंबरला तुमच्या शाळेत विद्यार्थी दिवसाचा कार्यक्रम होईलच. भाषणं होतील, प्रतिमेला हार घातला जाईल. त्या दिवसाआधी मुख्याध्यापकांना भेटा आणि एकच विनंती करा. कार्यक्रम झाला की शाळेचं सगळ्यात जुनं रजिस्टर टेबलावर ठेवून त्याचं पहिलं पान मुलांना लांबून दाखवू या. नावं वाचायची नाहीत, फक्त तारीख वाचायची. आमच्या शाळेचं पहिलं पान अमुक सालचं आहे, एवढं वर्गातल्या प्रत्येकाला माहीत झालं, की पुढच्या रंगरंगोटीच्या वेळी कुणी तरी नक्की विचारेल, 'सर, त्या कपाटातलं काही टाकणार नाही ना?'